‘सकाळी साडेसहाला घरात काय काय चालू असतं?’ असं विचारणारे वायरमन

आमची इमारत 1986 ची, डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. घर वन बीएचके, शिवाय खिडक्या लावून बंद केलेली एक बाल्कनी. यंदा स्वयंपाकघर, हॉल, बाथरूम आणि बाल्कनी एवढ्या भागात नवे पॉइंट काढून घेतले, जुन्या मेन बोर्डाच्या जागी नवा डीबी (घरातल्या सगळ्या लाइन जिथून वाटल्या जातात तो डिस्ट्रिब्युशन बोर्ड) बसवला आणि अर्थिंग, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी जोडणी, पार खालून नव्याने आणलं. ज्या वायरमनदादांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं होतं. आधीच सांगते, काम उत्तम झालं. स्वस्तात झालं नाही. धूळ, गवंडी आणि वेळ या तीन बाबतींत माझ्या तक्रारी आहेत, त्याही लिहिते आहे. नाव आणि नंबर उघड्यावर टाकू नका, असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून ते लिहीत नाही. पण त्यांना कसं निवडलं, आणि काम सुरू होण्याआधी आम्ही काय काय ठरवून घेतलं, हे जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

त्या काळच्या घरांमध्ये पॉइंट कसे असत ते आठवा. स्वयंपाकघरात एक पंधरा ॲम्पिअरचा, बाथरूममध्ये गीझरसाठी एक पंधराचा, आणि खोलीतल्या दिव्यांच्या बोर्डावर कोपऱ्यात एक पाचाचा. तेव्हा टीव्ही, फ्रिज, मिक्सर, इस्त्री यांत सगळं संपायचं. आता आमच्याकडे इंडक्शन आहे, मायक्रोवेव्ह आहे, पाण्याचा प्युरिफायर, वॉशिंग मशीन, मुलीचा लॅपटॉप, वायफायचा राउटर, हॉलमध्ये एसी, आणि सासूबाईंचा (त्यांना मी आईच म्हणते) नेब्युलायझर, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं देणारं यंत्र. हे सगळं एक्स्टेन्शन बोर्डांवर चालायचं. फ्रिजमागच्या बोर्डाची पिन काढली तर तिची बाजू काळी पडलेली. हॉलमधून जाणाऱ्या वायरला आईंचा पाय अडकला आणि त्या पडता पडता वाचल्या. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं की आता काम करून घ्यायचंच.

बोलताना आपण अजून पाच-पंधरा म्हणतो, पण दुकानात मिळतात ते 6 आणि 16 ॲम्पिअरचे सॉकेट. फरक पिनांच्या जाडीचा दिसतो, पण खरा प्रश्न भाराचा आहे, म्हणजे किती वीज ओढली जाते त्याचा. आपल्याकडे व्होल्टेज 230. सहाच्या सॉकेटमधून जेमतेम चौदाशे वॅट घ्यावेत, सोळाच्या सॉकेटमधून साधारण छत्तीसशे. दोन हजार वॅटचं इंडक्शन कन्व्हर्टर (जाड पिना छोट्या सॉकेटला जोडणारा प्लग) लावून सहाच्या पॉइंटवर चालवलं की आतलं प्लॅस्टिक हळूहळू वितळायला लागतं, आणि वास येईपर्यंत कुणालाच कळत नाही. बाजारात सगळ्या देशांच्या पिना घेणारे सॉकेट मिळतात. मोबाइलपुरते ठीक, पण त्यांची पकड सैल असते, त्यावर जास्त वॅटची वस्तू लावू नये. आम्ही घरभर शटरवाले तीन पिनांचेच घेतले.

आधी एका मोबाइल ॲपवरून माणूस बोलावला होता. दर नगाप्रमाणे ठरलेला, पावती लगेच, मुलगा नम्र. त्याने दिव्याच्या बोर्डावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “इथूनच लूप मारतो मॅडम, अर्ध्या तासात सोळाचा पॉइंट देतो.” म्हणजे ट्यूबलाइट आणि पंख्यासाठी चाळीस वर्षांपूर्वी टाकलेल्या वायरवर तो इंडक्शन चढवणार होता. त्यात त्याचा दोष कमी. ॲपवर मागणी ‘सॉकेट बसवणे’ अशी जाते, त्यामागची वायर कुठून येते हे विचारायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नंतर एका ठेकेदाराने सगळं काम अंगावर घेतो म्हणून एकच आकडा सांगितला. त्यात वायर किती, कुठल्या जाडीची, डीबीत काय काय, याची यादी मागितली तर “तुम्ही निश्चिंत राहा” एवढंच उत्तर. यादी न देणाऱ्याला मी काम देत नाही.

आमचे वायरमनदादा सापडले ते शेजारच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये. तिथे एका ओळखीच्या बाईंकडे हळदीकुंकवाला गेले होते, जिन्याखाली मीटर रूमचं दार उघडं होतं. आतल्या पॅनेलवर प्रत्येक मीटरखाली फ्लॅटचा नंबर, मालकाचं आडनाव, वायरची जाडी, सगळं सुवाच्य मराठीत लिहून वर पारदर्शक पट्टी चिकटवलेली. वायरी काटकोनात वळवून ओळीने बांधलेल्या. हे कुणी केलं म्हणून वर जाऊन विचारलं. वायरमन निवडायचा झाला तर त्याने दोन-चार वर्षांपूर्वी केलेलं काम उघडून बघावं, त्याने काल काढलेले फोटो बघू नयेत, असं माझं मत झालंय.

घरी आले तेव्हा मला वाटलं, भिंती बघतील, टेप लावतील, आकडा सांगतील. ते आईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि मला म्हणाले, “वहिनी, आधी सांगा, सकाळी साडेसहाला तुमच्या घरात काय काय चालू असतं?” मी सांगत गेले, ते वहीत लिहीत गेले. बाथरूममध्ये इन्स्टंट गीझर, 3000 वॅट. त्याच वेळी चटणीसाठी मिक्सर, 750. आईंच्या शेकाचं पाणी इंडक्शनवर, 2000. बेरीज 5750, भागिले 230, म्हणजे 25 ॲम्पिअर. वर यजमानांची इस्त्री लागली की एकोणतीसच्या पुढे. मग त्यांनी उठून आमचं जुनं मेन उघडलं. आत किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, तार घालायचा जुना फ्यूज), आणि तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी कधीतरी त्यात दुहेरी जाड तार घालून ठेवलेली. फ्यूज उडत नव्हता, त्यामुळे आम्हाला सगळं व्यवस्थित आहे असंच वाटत होतं. खरं तर जास्त भार आला तर आधी भिंतीतली वायर जळेल, अशी ती अवस्था होती. मीटर रूमपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली वायरसुद्धा ॲल्युमिनिअमची, त्या काळी ती सर्रास वापरत. घरात तांब्याच्या वायरला ती जिथे जोडली होती तिथली टेप करपून कडक झालेली.

त्या एका प्रश्नामुळे कामाचा क्रमच बदलला. आधी पॉइंट कुठे हवेत असं नाही, आधी घर दिवसभर कसं चालतं ते. त्यांनी आम्हाला काम दिलं: रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी आणा, जिथे जिथे पॉइंट हवा वाटतो तिथे तुकडा चिकटवा, त्यावर वस्तूचं नाव आणि वॅट लिहा, आणि थोडे दिवस तसंच राहा. वॅट कुठे लिहिलेले असतात तेही दाखवलं, प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागे किंवा बुडाशी छोट्या पाटीवर. हे फार उपयोगी पडलं. ओट्यावर मी आधी शेगडीच्या मागे पट्टी लावली होती. रोज स्वयंपाक करताना लक्षात आलं की फोडणीचे शिंतोडे नेमके तिथे उडतात, आणि वायर ज्योतीवरून येणार. ती पट्टी उजवीकडे सरकली. सिंकच्या नळाजवळची तर त्यांनीच काढायला लावली. आईंच्या पलंगाजवळ पॉइंट नेहमीसारखा खाली जमिनीलगत न घेता, पलंगावर बसून हात पोचेल असा अडीच फुटांवर घेतला, कारण त्यांना वाकता येत नाही आणि नेब्युलायझर दिवसातून दोन वेळा लागतो. शेजारी छोटा दिव्याचा स्विच. तुमच्या घरात वयस्कर माणूस असेल तर आधी त्या माणसाला पलंगावर बसवून हात कुठे जातो ते मोजा.

मुलीच्या टेबलाजवळ मी एक पट्टी लावली होती, त्यांनी चार सॉकेट काढायला सांगितले. लॅपटॉप, मोबाइल, टेबललॅम्प, राउटर. एक सॉकेट आणि त्याचा स्विच मिळून मॉड्युलर प्लेटवर तीन घरं लागतात, तेव्हा चार सॉकेटना बारा घरांची प्लेट. भिंत फोडलीच आहे तर मोठा बॉक्स बसवायला जादा खर्च थोडा, आणि नंतर पुन्हा फोडायची वेळ आली तर सगळं नव्याने. हा त्यांचा सल्ला मला पुरेपूर पटला.

आता जे बघून माझ्या पोटात गोळा आला ते. स्वयंपाकघरातल्या जुन्या पंधराच्या सॉकेटवर त्यांनी टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) लावला, एक टोक फेजला, म्हणजे जिथून वीज येते तिथे, दुसरं वरच्या मोठ्या अर्थच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. मी म्हटलं, म्हणजे अर्थिंग आहे. ते म्हणाले, “बघूया,” आणि मेन बंद करून प्लेट खोलली. सॉकेट उलटं करून माझ्यासमोर धरलं. हिरवी वायर कुठेच नव्हती. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरच्या, स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा जोडलेला होता. बस्स. आधीच्या कुणा वायरमनने अर्थची वायर टाकायचे कष्ट वाचवले होते, आणि बल्ब पेटल्यामुळे घरमालक खूश. याचा अर्थ त्यांनी सांगितला तो असा: फ्रिजचा बाहेरचा पत्रा अर्थच्या पिनेला जोडलेला असतो. उद्या मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला तर फेज फ्रिजच्या आतून फिरून त्या तुकड्यावाटे थेट पत्र्यावर येणार. पूर्ण 230 व्होल्ट, आणि फ्रिजचं दार ओल्या हाताने उघडणारी मी. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, नुसता बल्ब पेटला म्हणून अर्थिंग आहे असं मानू नका. मेन बंद करून जाणकाराकडून निदान एक सॉकेट उघडून बघून घ्या, आत हिरवी वायर आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मग हिरवी वायर घ्यायची कुठून? खाली मीटर रूममध्ये अर्थची पट्टी होती, पण ती गंजून क्लॅम्पपाशी तुटलेली. ज्या खड्ड्यात अर्थिंगचा पाइप पुरलाय तो खड्डा अंगणात कुठे आहे हेच कुणाला सांगता येईना. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना तो खाली गाडला गेला होता. नियमाने तिथे वर झाकण हवं, उन्हाळ्यात पाणी ओतता यायला हवं. मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप कोरडा पडला की निकामी होतो. कमिटीत विषय काढला तेव्हा चेअरमन म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही. त्यावर वायरमनदादा त्यांना काही बोलले नाहीत, पंपाजवळ घेऊन गेले. पावसात पंपाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात ही वॉचमनची तक्रार सगळ्यांना माहीत होती, फक्त ती अर्थिंगशी कुणी जोडली नव्हती. त्यानंतर दुरुस्ती निधीतून नवा अर्थ पिट मंजूर झाला, आणि बाकीच्या घरांनाही तिथून वायर घेता येईल अशी पट्टी वर नेली. आमच्या सॉकेटच्या कामातून अख्ख्या इमारतीचं काम झालं, याचं श्रेय मी त्यांनाच देते.

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो, तो आजवर मी वाचलाच नव्हता. आमचा होता दीड किलोवॅट, आणि घरात एसी धरून वस्तूंची बेरीज दहाच्या वर. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण एवढी तफावत ठेवू नये असं त्यांचं म्हणणं. भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर करता येतो, सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हातात टेस्टर आणि पक्कड असलेला प्रत्येक माणूस परवानाधारक नसतो. वायरमनचा परवाना वेगळा, सुपरवायझरचा वेगळा, ठेकेदाराचा वेगळा. आमच्या दादांकडे वायरमनचा आहे, आणि ते ज्या ठेकेदाराबरोबर काम करतात त्यांच्या परवान्यावर रिपोर्ट मिळाला. दोन्हींच्या प्रती त्यांनी न मागता पहिल्याच दिवशी दाखवल्या. ज्याला परवाना विचारल्यावर राग येतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

सामान आम्ही स्वतः आणलं. त्यांनी यादी लिहून दिली आणि म्हणाले, “कुठूनही आणा, फक्त यात बदल करू नका.” डोंबिवलीत सगळं मिळतं, पण प्लेटांचा रंग आणि निवड बघायची होती म्हणून रविवार सोडून एका सुट्टीच्या दिवशी लोहार चाळीत गेलो. क्रॉफर्ड मार्केटकडून आत शिरलं की दिवे, वायरी, पंखे, स्विच यांची रांगच. भाव करावा लागतो, आणि गर्दीत पिशव्या सांभाळाव्या लागतात. वायर फिनोलेक्सची घेतली, स्विच-सॉकेट अँकर रोमाचे. तुम्ही दुसरी चांगली कंपनी घेतली तरी हरकत नाही, मात्र दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, सोळाच्या सॉकेटना 2.5, गीझर आणि एसीला 4, आणि मीटरपासून घरापर्यंत 10, ही जाडी त्यांच्या यादीप्रमाणे. जुने वायरमन अजून तीन-वीस, सात-वीस अशा गेजच्या भाषेत बोलतात, दुकानदारालाही ती कळते, पण बिलावर चौरस मिलिमीटरच लिहून घ्या. कॉइल 90 मीटरची येते. तिच्यावर आयएसआयची खूण, आयएस 694 आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा परवाना आहे ते लगेच दिसतं. आम्ही दुकानात उभं राहून तपासलं. दुकानदाराला काही वाटलं नाही.

लाल, पिवळी, निळी या फेजच्या वायरी, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपलं घर सिंगल फेज असलं तरी दादांनी फेजला वेगवेगळे रंग मागवले, स्वयंपाकघर लाल, बाथरूम पिवळी, एसी निळी, म्हणजे उद्या कुणी बॉक्स उघडला तर वायर कुठली ते रंगावरून ओळखेल.

प्रत्यक्ष काम. कटरने भिंतीत उभ्या खाचा मारल्या, आडव्या शक्यतो नाहीत. आमची आतली भिंत चार इंचांची विटांची आहे. तिच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला हॉल. दोन्हीकडून समोरासमोर खाच मारली तर मध्ये भिंत उरतेच किती? त्यांनी दोन्ही बॉक्स फूटभर मागेपुढे घेतले. एसीचा पॉइंट मला हवा होता तिथे आरसीसी कॉलम निघाला. यजमान म्हणाले, थोडंसंच मारा ना. दादांनी मशीन खाली ठेवलं. “कॉलमला मी हात लावत नाही. पट्टीने नेतो, दिसेल थोडी, पण इमारत तुमची आहे.” तेवढ्या तुकड्यात वरून केसिंग पट्टी आहे, रंग मारल्यावर लक्षातही येत नाही.

पाइप टाकून, वायरी ओढून झाल्यावर प्लेटा बसवण्याआधी त्यांनी 500 व्होल्टच्या मेगरने (वायरवरचं आवरण वीज गळू देत नाही ना, ते मोजणारं यंत्र) प्रत्येक लाइन तपासली. इन्सुलेशन किमान एक मेगाओहम भरलं पाहिजे. नव्या लाइन त्याच्या कितीतरी वर होत्या. हॉलमधल्या पंख्याची जुनी लाइन काठावर आली, ती तेव्हाच बदलून टाकली. मेगर लावणारा वायरमन मी पहिल्यांदाच पाहिला.

डीबीत प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि सगळ्यांच्या आधी 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. फेजने जितका करंट गेला तितका न्यूट्रलने परत आला नाही, म्हणजे कुठेतरी, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत जातोय, एवढं ओळखून तो क्षणात लाइन तोडतो. याच आरसीसीबीने आम्हाला त्रासही दिला. काम संपलं, माणसं गेली, रात्री बेडरूमचा दिवा लावला की सगळं घर अंधारात. पुन्हा लावला, पुन्हा तेच. फोन केला तर ते म्हणाले, “बेडरूमचा दिवा बंद ठेवा, बाकी वापरा, काहीही झालं तरी आरसीसीबी बायपास करू देऊ नका कुणाला.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बेडरूमची जुनी वायरिंग आम्ही बदलली नव्हती. तिथल्या दिव्याचा फेज नव्या डीबीतून, पण न्यूट्रल इन्व्हर्टरच्या जुन्या लाइनला जोडलेला. करंट एका वाटेने जाणार आणि दुसऱ्याच वाटेने परतणार, मग आरसीसीबी पडणारच. प्रत्येक बॉक्स उघडत उघडत तो जोड सापडायला रात्रीचे साडेनऊ वाजले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, माझ्या चाचणीत हे निसटलं म्हणाले. घरात इन्व्हर्टर असेल तर आरसीसीबी बसवण्याआधी त्याचा न्यूट्रल वेगळा आहे का, हे आधीच विचारून घ्या.

आता तक्रारी. कटरची धूळ भयंकर. त्यांच्याकडे धूळ ओढणारं मशीन नाही, पाणी मारत मारत कापतात, तरी कपाटातल्या बंद डब्यांपर्यंत पांढरी पूड पोचली. आईंना दम्याचा त्रास, त्यांना त्या दिवसांत नणंदेकडे कल्याणला पाठवलं. दम्याचं, लहान बाळाचं घर असेल तर ही सोय आधी करा. दुसरं, खाचा भरण्याचं काम ते करत नाहीत. गवंडी वेगळा आणि तो आपण शोधायचा, हे त्यांनी सांगितलं होतं, पण फार उशिरा सांगितलं. गवंडी मिळेपर्यंत उघड्या खाचांच्या घरात आम्ही राहिलो. मग रंगारी. मूळ खर्चाच्या हिशेबात हे दोन्ही धरा, नाहीतर अंदाज कोलमडतो. तिसरं, वेळ. पावसाळ्यात त्यांना सोसायट्यांच्या मीटर रूममधून तातडीचे फोन येतात, आणि ते आपलं काम अर्धं सोडून जातात. जाताना उघड्या वायरींची टोकं कनेक्टरने बंद करून, लाइन उतरवून जातात, तेवढं मात्र चोख. तरी माझी रजा वाया गेली ती गेलीच.

दर सांगते, म्हणजे अंदाज येईल. आमच्याकडे सोळाच्या स्वतंत्र लाइनच्या पॉइंटला मजुरी साडेसहाशे, सहाच्या पॉइंटला साडेतीनशे, खाच मारण्याचे फुटावर वेगळे, डीबीचे ठोक. खालून वर आणलेल्या मेन वायरचा खर्च मी धरला नव्हता, तो सगळ्यात मोठा निघाला, आणि तोच सगळ्यात गरजेचा होता. ॲपवाल्याच्या दरापेक्षा हे पुष्कळ जास्त आहे. पण तो दर सॉकेटचा होता आणि हा दर सॉकेटमागच्या वायरचा आहे, त्यामुळे दोघांची तुलना होत नाही. पैसे तीन टप्प्यांत दिले: पाइप टाकून झाल्यावर, वायरी ओढून झाल्यावर, आणि शेवटचे सगळं तपासून झाल्यावर. हा टप्प्यांचा कागद त्यांनीच आणला होता, खाली दोघांच्या सह्या.

जाताना त्यांनी एक वहीचं पान दिलं. त्यावर प्रत्येक भिंतीचं रेघांनी काढलेलं चित्र, पाइप जमिनीपासून किती इंचांवरून आणि कोपऱ्यापासून किती इंचांवरून गेलाय ते आकड्यांत. खिळा ठोकायच्या आधी हे बघा, म्हणाले. मी त्याच्या प्रती काढून एक डीबीच्या झाकणाच्या आत लावली आहे आणि एक घराच्या कागदपत्रांत ठेवली आहे. शिवाय गवंड्याने खाचा भरण्याआधी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवले. डीबीवर मराठीत नावं आहेत: ओटा उजवा, ओटा डावा, गीझर, मशीन, एसी, आजींचा पलंग. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला त्यांनी आईंना शिकवलं, मला नाही. “वहिनी कामावर जातात, आजी घरी असतात,” एवढंच म्हणाले. आई दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबतात आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करतात.

ज्यांना एकच पॉइंट घाईने काढून हवा आहे त्यांच्यासाठी हे वायरमन नाहीत, ते येणारही नाहीत. ज्यांची इमारत जुनी आहे, मेन अजून फ्यूजवर आहे आणि घर चार-सहा दिवस विस्कटलेलं चालेल, त्यांनी ओळखीतून मला निरोप द्या, मी त्यांना विचारून नंबर देईन. गणपतीच्या आधीचा महिनाभर मात्र ते मंडपांच्या कामात असतात. बेडरूमची वायरिंग आम्हीही त्यांच्याकडूनच दिवाळीनंतर करून घेणार आहोत, आणि या वेळी गवंड्याशी आधीच बोलून ठेवलंय.